रुग्णवाहिका उशिरा का येते?

मुंबईच्या उपनगरांत कोणी रस्त्यात कोसळले, की जमलेली माणसे दोन गोष्टी करतात. एक जण फोन लावतो आणि दुसरा रिक्षा थांबवतो. बहुतेक वेळा रिक्षा आधी मिळते आणि आजाऱ्याला तीत घालून लोक जवळच्या रुग्णालयाकडे निघतात. पुढे या विषयावर बोलणे निघाले, तर उपायही ठरलेले असतात. कोणी म्हणते, गाड्या वाढवा. कोणी म्हणते, प्रत्येक गाडीत डॉक्टर द्या. कोणी सगळा दोष वाहतुकीच्या कोंडीला देते.

हे उपाय बरोबर आहेत की नाहीत, हे मतांवर सोडून देण्याचे कारण नाही. त्यातला बराचसा भाग मोजता येतो, आणि त्यासाठी गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढे शाळेतले गणित पुरते. या लेखात आपण ते करून पाहू. मात्र त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. रुग्णवाहिका लवकर यावी असे आपण म्हणतो, पण लवकर म्हणजे किती लवकर?

प्रत्येक दुखण्याचे घड्याळ वेगळे

हृदय अचानक बंद पडले, तर मेंदूला होणारा रक्तपुरवठा त्याच क्षणी थांबतो. चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. अशा वेळी छाती दाबून रक्त फिरते ठेवले नाही आणि विजेचा झटका देऊन हृदय पुन्हा सुरू केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. छाती दाबणे चालू असेल, तर ही घट दर मिनिटाला ३ ते ४ टक्के इतकी मंदावते. या दुखण्याचे घड्याळ मिनिटांचे आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने बंद होते, त्याला आपण हार्ट अटॅक म्हणतो. यात हृदय बहुधा चालूच असते, पण त्याच्या स्नायूचा एक भाग हळूहळू मरत जातो. येथे घड्याळ तासांचे आहे. रुग्णालयात पोचल्यापासून दीड तासाच्या आत ती रोहिणी मोकळी व्हावी, असे उद्दिष्ट जगभर ठेवले जाते. मेंदूतील रोहिणीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच. म्हणजे सीटी स्कॅन नसलेल्या जवळच्या रुग्णालयात दहा मिनिटांत पोचण्यापेक्षा ती सोय असलेल्या लांबच्या रुग्णालयात पंचवीस मिनिटांत पोचणे अधिक फायद्याचे.

अपघाताची गोष्ट आणखी निराळी. बाहेरून दिसणारा रक्तस्राव जागच्या जागी दाबून थांबवता येतो. पोटाच्या आत चाललेला रक्तस्राव मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच थांबतो. बाल्टिमोरचे शल्यविशारद काउली यांनी अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'सोनेरी तास' हे नाव रूढ केले. कल्पना चांगली आहे, पण ६० हा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. काही जखमी वीस मिनिटांत दगावतात, काही तीन तास तग धरतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णवाहिका किती मिनिटांत आली, एवढ्या एकाच आकड्यावरून सेवेची पारख होत नाही. घटना घडल्यापासून योग्य उपचार सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, हे पाहावे लागते. त्या वेळात शेजाऱ्याचे हात, फोन उचलणारा माणूस, गाडी, गाडीतला माणूस आणि रुग्णालयाचे दार, असे सारे टप्पे येतात.

गाडीतून काय यावे?

रुग्णवाहिका म्हणजे रुग्णाला वाहून नेणारी गाडी, एवढाच अर्थ अनेक वर्षे जगभर होता. अमेरिकेत १९६०च्या दशकापर्यंत कित्येक गावांत अंत्ययात्रेची व्यवस्था करणारे व्यावसायिकच आपल्या गाड्यांतून रुग्णही नेत. उपचार सुरू होत ते रुग्णालयात.

१९६६ साली उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हा क्रम उलटा केला. हृदयविकाराचे पुष्कळ रुग्ण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी विजेचा झटका देणारे यंत्रच गाडीत बसवले. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणाऱ्या त्या यंत्राचे वजन सुमारे ७० किलो होते. त्या गाडीतून डॉक्टर आणि परिचारिका जात.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात वेगळा प्रयोग सुरू झाला. तेथील हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत रुग्णाला न्यायला पोलिसांची गाडी येई. डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतल्या बेकार तरुणांना कित्येक महिन्यांचे कसून शिक्षण दिले आणि त्यांतून 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. डॉक्टर नसलेली, पण नेमके तेवढेच काम उत्तम शिकलेली माणसे जीव वाचवू शकतात, हे या तरुणांनी दाखवून दिले. आज ज्याला आपण पॅरामेडिक म्हणतो, त्या पेशाची एक मुळी येथे आहे. ही सेवा १९७५ साली बंद झाली, पण तिचा धडा जगभर गेला.

आपल्याकडे मुंबईत २००५ साली १२९८ या क्रमांकाची खाजगी सेवा सुरू झाली. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण भाडे आणि सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी भाडे, अशी तिची पद्धत होती. २०१४ साली महाराष्ट्र सरकारची १०८ क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या रचनेत राज्यभर ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत प्रगत जीवरक्षक साधने आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक जीवरक्षक साधने, अशी विभागणी होती. इतर अनेक राज्यांत १०८च्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र गाडीत डॉक्टर ठेवण्याचे ठरवले. त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने होते. २०१७च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोटरसायकल रुग्णवाहिकाही आल्या.

याशिवाय उपनगरांत मंडळांच्या, ट्रस्टच्या आणि राजकीय कार्यकर्त्यांच्या नावाच्या रुग्णवाहिका पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि ड्रायव्हर एवढेच असते. डायलिसिसला जाणाऱ्या किंवा रुग्णालयातून घरी परतणाऱ्या माणसाला त्या फार उपयोगी पडतात. परंतु छत्तीस गाड्यांवर एकच नाव लिहिले, म्हणून त्या एकच काम करू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार केलेले आहेत, ते याच कारणाने: प्रथमोपचार घेऊन धावणारी, रुग्णाची नुसती ने-आण करणारी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक.

थांबावे की निघावे?

गाडी पोचली. आता रुग्णावर जागीच उपचार करत थांबावे, की त्याला उचलून ताबडतोब रुग्णालयाकडे निघावे? हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये गंभीर रुग्णाकडे डॉक्टर पाठवून जागीच उपचार करण्याची परंपरा आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पॅरामेडिकने आवश्यक तेवढे करून निघावे, असा कल आहे.

या वादात नुसत्या मतांपेक्षा मोजमाप उपयोगी पडते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ते काळजीपूर्वक केले गेले. तेथे अनेक शहरांत आधी केवळ प्राथमिक सेवा होती, म्हणजे छाती दाबणे, विजेचा झटका, ऑक्सिजन आणि मलमपट्टी. नंतर तीत श्वासनलिकेत नळी घालणे आणि शिरेतून औषधे देणे यांची भर पडली. संशोधकांनी दोन्ही काळांतील रुग्णांची तुलना केली.

हृदय बंद पडलेल्या ५,६३८ रुग्णांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. वाचून घरी गेलेल्यांचे प्रमाण आधी ५.० टक्के होते, प्रगत सेवा आल्यावर ५.१ टक्के. फरक जवळजवळ शून्य. जे रुग्ण वाचले, त्यांच्याबाबतीत ठळकपणे दिसल्या त्या तीन गोष्टी: कोसळताना कोणीतरी पाहिले होते, जवळच्या माणसाने छाती दाबली होती आणि विजेचा झटका लवकर मिळाला होता. गंभीर अपघातांतील २,८६७ जखमींचे निष्कर्ष २००८ साली आले. प्राथमिक सेवेत ८१.८ टक्के जखमी वाचले, प्रगत सेवेत ८१.१ टक्के. ज्यांना डोक्याच्या माराने खोल बेशुद्धी आली होती, त्यांच्यात तर प्रगत सेवेच्या काळात वाचणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. याउलट, तीव्र दम लागलेल्या रुग्णांत प्रगत सेवेने मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. हा निष्कर्ष २००७ सालचा.

तेव्हा 'थांबावे की निघावे' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जखमीचा श्वासमार्ग मोकळा करा, वाहणारे रक्त दाबून धरा आणि निघा. दम्याच्या रुग्णाला आधी औषधाची वाफ द्या, मग निघा. हार्ट अटॅक वाटत असेल, तर गाडीतच ईसीजी काढून योग्य रुग्णालयाला आधी कळवा. ऑन्टॅरिओचे आकडे जसेच्या तसे मुंबईला लागू करता येणार नाहीत, हे खरे. तेथले रस्ते, रुग्णालये आणि आजार वेगळे. पण साधने आणि पदव्या वाढवल्या की जीव आपोआप वाढीव संख्येने वाचतात, ही समजूत तपासल्याशिवाय स्वीकारू नये, एवढा बोध त्यातून नक्की मिळतो.

मोकळ्या गाड्यांचे गणित

आता वेळेकडे वळू. समजा, एका भागाचे क्षेत्रफळ २०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात काही रुग्णवाहिका विखरून उभ्या आहेत. पुढचे सर्व आकडे केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. दोनच गाड्या मोकळ्या असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला १०० चौरस किलोमीटर येतात, म्हणजे १० किलोमीटर बाजूचा एक चौरस. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि गाड्या कुठेही असू शकतात असे मानले, तर रुग्णापासून जवळच्या गाडीचे सरासरी अंतर या बाजूच्या सुमारे ०.६३ पट येते, म्हणजे ६.३ किलोमीटर. कोंडीच्या वेळी गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर एका किलोमीटरला चार मिनिटे लागतात. गाडी पोचायला २५ मिनिटे.

मोकळ्या गाड्या आठ असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला २५ चौरस किलोमीटर. बाजू ५ किलोमीटर, सरासरी अंतर सव्वातीन किलोमीटरांच्या आत, वेळ साडेबारा मिनिटे. गाड्या चौपट झाल्या, वेळ निम्मा झाला. तो आणखी निम्मा करायचा, तर बत्तीस मोकळ्या गाड्या लागतील. याला वर्गमूळाचा नियम म्हणतात. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी कोलेसर आणि ब्लम या संशोधकांनी १९७३ साली तो मांडला आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिला. अग्निबंबाला लागू होणारे हे गणित रुग्णवाहिकेलाही लागू होते.

या नियमातला 'मोकळ्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. ताफ्यात गाड्या किती, यापेक्षा फोन आला त्या क्षणी मोकळ्या किती, यावर सारे अवलंबून आहे. ती संख्या कशी काढायची? समजा, ताफ्यात १२ गाड्या आहेत आणि तासाला ६ फोन येतात. एका फोनमागे गाडी किती वेळ अडकते, ते पाहू. रुग्णापर्यंत जायला २५ मिनिटे. तिसऱ्या मजल्यावरून अरुंद जिन्याने स्ट्रेचर खाली आणायला आणि उपचार करायला १५ मिनिटे. रुग्णालयापर्यंत २५ मिनिटे. तेथे कॅज्युअल्टीत खाट मिळून रुग्ण डॉक्टरांच्या ताब्यात देईपर्यंत आणखी २५ मिनिटे. गाडी धुऊनपुसून, सामान भरून तयार व्हायला १० मिनिटे. एकूण १०० मिनिटे.

तासाला ६ फोन आणि प्रत्येकी १०० मिनिटे, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी ६ × १०० ÷ ६० = १० गाड्या कामात. हा साधा दिसणारा गुणाकार 'लिटलचा नियम' म्हणून ओळखला जातो. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. बारातून दहा गेल्या, उरल्या दोन. बारा गाड्यांचा ताफा पोसूनही रुग्णाच्या वाट्याला दोनच गाड्यांची सेवा येते, आणि म्हणून २५ मिनिटे थांबावे लागते.

आता एकही नवी गाडी न घेता रुग्णालयाच्या दारातला वेळ २५ मिनिटांवरून १२ मिनिटांवर आणू. लगेच फेरी १३ मिनिटांनी कमी होते आणि अधिक गाड्या मोकळ्या राहतात. गाड्या अधिक मोकळ्या, म्हणून पोचायचे अंतर कमी. अंतर कमी, म्हणून फेरी आणखी लहान. हे गणित पुन्हापुन्हा करत गेलो, तर आकडे एका जागी स्थिरावतात: फेरी सुमारे ८० मिनिटांची, कामात ८ गाड्या, मोकळ्या ४ आणि पोचण्याची वेळ सुमारे १८ मिनिटे. दारात तेरा मिनिटे वाचवल्याने मोकळ्या गाड्या दुप्पट झाल्या. रस्ता मोकळा मिळून वेग वाढला, तर जाताना आणि येताना असा दोनदा फायदा होतो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झाली, तिचे महत्त्व या हिशेबावरून कळते.

उलट दिशेनेही पाहू. मूळच्या बारा गाड्यांवर तासाला सातवा फोन पडला, तर ७ × १०० ÷ ६० म्हणजे जवळजवळ पावणेबारा गाड्या कामात गुंतल्या. मोकळी गाडी बहुधा नाहीच. कामात जरा भर पडते आणि सेवा एकदम कोलमडते. प्रत्यक्षात फोन ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी अर्धा तास शांतता असते, तर कधी पाच मिनिटांत चार फोन. म्हणून सरासरी ठीक दिसत असतानाही काही जणांच्या वाट्याला शून्य गाड्या येतात. कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रातील अर्लांग या गणितज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला फोनच्या तारांबाबत हाच प्रश्न सोडवला होता.

उपनगरांचा नकाशा

मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ९३ लाख ५७ हजार होती. त्याचा नकाशा काढला, तर आपल्या गणितातला चौरस कुठेच सापडत नाही. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे करतात. हे तुकडे जोडणारे पूल आणि सबवे मोजकेच. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ला बंद झाला. त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ला खुली झाली आणि पूर्ण पूल २०२५च्या मे महिन्यात. त्या काळात अंधेरी पूर्वेहून पश्चिमेच्या कूपर रुग्णालयाकडे निघालेल्या गाडीला वळसा घ्यावा लागत होता. पावसाळ्यात अंधेरी सबवे पाण्याखाली गेला की हीच गत. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर रस्त्याने बरेच अधिक भरते.

म्हणून गाड्या उभ्या करायच्या त्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंना. सगळ्या गाड्या रुग्णालयाच्या आवारात ठेवणे सोयीचे वाटते, पण त्याने वर्गमूळाच्या नियमाचा फायदा हातचा जातो. कोंडीत मोटरसायकलवरचा पॅरामेडिक आधी पोचू शकतो. तो रुग्णाला नेऊ शकत नाही, पण मिनिटांच्या घड्याळाचे काम सुरू करू शकतो. मागून येणाऱ्या चारचाकीला मग तासांच्या घड्याळावर चालता येते.

एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हलवण्याचे कामही वेगळे काढावे, असे आम्हाला वाटते. मुलुंडहून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयापर्यंत अठरा-वीस किलोमीटर होतात. अशा एका फेरीत आपत्कालीन गाडी दोन-तीन तास गुंतली, तर आपल्या उदाहरणातला तो सातवा फोन तिथेच आला म्हणून समजा. त्यासाठी साध्या, स्वस्त गाड्यांचा निराळा ताफा हवा. मुळात पहिल्याच फेरीत रुग्ण योग्य ठिकाणी गेला, तर अशी दुसरी फेरीही पुष्कळदा वाचते.

मोठ्या दुर्घटनेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरात फलक कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. जखमींपैकी पुष्कळांना राजावाडी रुग्णालयात नेण्यात आले. अशा वेळी पहिल्या गाडीतल्या माणसाने पहिल्या जखमीला घेऊन निघून जाणे चुकीचे ठरते. त्याने आधी सर्वांकडे एक नजर टाकून कोण थांबू शकतो आणि कोण नाही हे ठरवायचे असते. जो ओरडतो आहे, त्याचा श्वास तरी चालू आहे. जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी पाहावे लागते. कोणत्या रुग्णालयात किती जखमी पाठवायचे, हेही वाटून द्यावे लागते. नाहीतर सर्वांत जवळचे रुग्णालय भरून वाहते आणि दुसरे रिकामे राहते.

डॉक्टर की पॅरामेडिक?

हे काम करायला डॉक्टर हवा की पॅरामेडिक? पदवीच्या आधी कामाकडे पाहू. हलत्या गाडीत नाडी आणि रक्तदाब पाहणे, घोरणाऱ्या बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मणक्याला धक्का न लावता रुग्णाला उचलणे, वाटेत झालेल्या बाळंतपणात बाळ आणि आई दोघांना सांभाळणे, घाबरलेल्या नातेवाइकांकडून दोन मिनिटांत आजाराची नेमकी माहिती काढणे. वैद्यकाच्या कोणत्याही पदवीत या कामांचा सराव आपोआप होत नाही. तो मुद्दाम करावा लागतो आणि वरचेवर उजळावा लागतो. ज्याने तो केला तो डॉक्टर असो वा तंत्रज्ञ, रुग्णाच्या दृष्टीने योग्य माणूस.

गाडीत डॉक्टर ठेवण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. डॉक्टर नसलेल्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, त्याची नोंदणी कोणाकडे, हे सांगणारा देशव्यापी कायदा फार काळ नव्हता. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या पेशाचा समावेश आहे. हा पेशा मान्यतेचा झाला, त्याला ठरलेला अभ्यासक्रम, पगार आणि बढतीची वाट मिळाली, तर चांगले विद्यार्थी तिकडे वळतील. प्रत्येक गाडीत प्रशिक्षित पॅरामेडिक, नियंत्रण कक्षात फोनवर सल्ला देणारा अनुभवी डॉक्टर आणि अवघड रुग्णांसाठी निवडक गाड्यांत डॉक्टर, ही रचना वर दिलेल्या पुराव्याशी अधिक जुळते.

गाडी येईपर्यंत

सर्वांत चांगल्या सेवेतही पहिली काही मिनिटे गाडी येतच नाही. हृदय बंद पडलेल्याच्या बाबतीत तीच मिनिटे निर्णायक असतात, आणि ती जवळच्या माणसाच्या हाती असतात. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले आणि मिळेल त्या वाहनाने त्यांनी जखमींना रुग्णालयांत पोचवले. मदतीची इच्छा या शहरात कधीच कमी नव्हती. भीती होती ती पोलीस चौकशीची. तीही आता बाळगण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केली आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

काय करायचे, तेही अवघड नाही. माणूस हाकेला प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर एकाने १०८ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जागेवर उताणे झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबावे. मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जावी, ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा. थकलात तर माणूस बदला, पण दाबणे थांबवू नका. फोनवर सांगताना इमारतीच्या नावाबरोबर पूर्व की पश्चिम, जवळची ठळक खूण आणि गाडी कुठवर येऊ शकते, हे सांगावे. एका मुलाला कोपऱ्यावर उभे करावे. वर्गमूळाच्या नियमाने तीन मिनिटे वाचवायला किती गाड्या लागतात ते आपण पाहिलेच. हा मुलगा तेवढी मिनिटे फुकट वाचवतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

वर्गमूळाचा नियम आठवी-नववीच्या मुलांना पडताळून पाहता येतो. आलेख कागदावर २० सेंमी × १० सेंमीचा आयत आखा. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावर डाळीचे दोन दाणे टाका. ते म्हणजे मोकळ्या गाड्या. डोळे मिटून पेन्सिलीने वीस ठिपके द्या. ते म्हणजे रुग्ण. प्रत्येक ठिपक्यापासून जवळच्या दाण्याचे अंतर आडवे अधिक उभे असे चौकटींवरून मोजा आणि सरासरी काढा. मग आठ दाणे घ्या, नंतर बत्तीस. दाणे थोडे असताना आयताच्या कडांमुळे सरासरी आपल्या सूत्रापेक्षा जास्त येईल. असे का व्हावे, हे मुलांना विचारा. नंतर आयताच्या मधून एक उभी रेघ मारा आणि ती ओलांडायला दोनच फटी ठेवा. ही झाली रेल्वे. पुन्हा मोजा.

दुसरा उपक्रम शाळेच्या परिसराचा. शाळेपासून सर्वांत जवळचे अपघात विभाग असलेले रुग्णालय कोणते, सीटी स्कॅनची सोय कुठे, पाणी तुंबले तर पर्यायी रस्ता कोणता, शाळेच्या फाटकातून रुग्णवाहिका आत येते का आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून स्ट्रेचर खाली कसे येईल, हे मुलांनी स्वतः चालत जाऊन नकाशावर उतरवावे. तो नकाशा मुख्याध्यापकांच्या खोलीत लावावा.

आणि थोरांनी एक मागणी करावी. रुग्णवाहिका सेवेचे अहवाल निघतात तेव्हा गाड्या किती आणि रुग्ण किती नेले, हे ठळकपणे सांगितले जाते. त्याबरोबर प्रत्येक वॉर्डासाठी तीन आकडे मागावेत: फोन केल्यापासून गाडी पोचेपर्यंतची वेळ, रुग्णालयाच्या दारात गाडी अडकल्याची वेळ आणि मोकळी गाडी नसताना आलेले फोन. हे तीन आकडे समोर आले, की पुढची गाडी घाटकोपरला हवी की बोरिवलीला, आणि तिच्याऐवजी कॅज्युअल्टीत चार खाटा आणि दोन वॉर्डबॉय अधिक देणे बरे की काय, याचा निर्णय हिशेबाने करता येईल.